रोज अकराला

दाराला कुलूप होतं. वर पाटी, 'मनोरोग विभाग', आणि खाली सेलोटेपनं चिकटवलेला हिंदीतला कागद: २५ दिसंबर, अवकाश.

भालचंद्र बोकारेंनी पाटी वाचली, कागद वाचला, आणि बायकोकडे पाहिलं.

"बीपी इथं तपासतात?"

सकाळी घरून निघताना वसुधानं बीपीचंच सांगितलं होतं. अवधपुरीपासून कारखान्याच्या टाउनशिपमधल्या इस्पितळापर्यंत ते काही न विचारता स्कूटर चालवत आले होते. आता रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण ते बाकावर जाऊन बसले, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून.

छत्तीस वर्षं कारखान्यात काढून दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. टाउनशिपमधलं क्वार्टर सोडलं, अवधपुरीच्या फ्लॅटमध्ये आले, आणि हळूहळू बोलेनासे झाले. तेवढं तिनं चालवून घेतलं होतं. पण गेल्या रविवारी त्यांनी गॅसच्या पुस्तकापासून घराच्या कागदांपर्यंत सगळं एका फाईलमध्ये लावलं, तिला समोर बसवून कुठं काय आहे ते दोनदा समजावलं आणि म्हणाले, "तुला सापडायला पाहिजे." त्या दिवसापासून तिचा डोळा लागला नव्हता. आज नाताळची सुट्टी, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"चला, परत येऊ कधी तरी," ती म्हणाली.

समोरच्या इंजेक्शनच्या खोलीतून एक सिस्टर बाहेर आली. पन्नाशीची, युनिफॉर्मवर मरून स्वेटर. "किसको दिखाना है?" म्हणता म्हणता ती थांबली. "मराठी का? मी अचलपूरची. सरोज साळवे."

"डॉक्टर कधी येतील?"

"दोन तारखेला. गावी गेलेत."

"दोन तारखेला?" वसुधाचा आवाज फाटला. सरोजनं तिच्याकडे पाहिलं, मग बाकावरच्या माणसाकडे.

"आत या दोघं."

आत टेबलावर अर्धवट खाल्लेला डबा होता. तो बाजूला सारून सरोजनं भालचंद्रांना स्टुलावर बसवलं, दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला. "बीपी चांगलं आहे." पट्टा सोडता सोडता ती त्याच आवाजात म्हणाली, "भाऊ, मरून जावं असं वाटतं का?"

"सिस्टर!" वसुधा ताडकन उठली. "काय विचारता हे? नसलेलं डोक्यात येईल त्यांच्या."

"विचारल्यानं येत नसतं, ताई." सरोजनं भालचंद्रांवरची नजर काढली नाही. "मी आमच्या घरी विचारलं नव्हतं."

बाहेरून एक ट्रॉली खडखडत गेली.

"वाटतं," भालचंद्र म्हणाले.

"कधी कधी?"

"रोज."

दूधवाला येऊन गेला का, याचं उत्तर द्यावं तसं ते म्हणाले. वसुधा खाली बसली. रोज म्हणजे ती समोर पोळ्या लाटत होती तेव्हाही. ती मुलाला फोनवर 'इकडे सगळं ठीक' म्हणत होती, आणि ते शेजारी बसून मान हलवत होते, तेव्हाही.

"आज?"

"सकाळी वाटलं. मग ही म्हणाली, चला. म्हणून स्कूटर काढली."

सरोज विचारत राहिली. आधी ते एकेका शब्दात सांगत होते, मग वाक्यात. काय करायचं मनात होतं तेही त्यांनी सांगितलं. वसुधा फरशीकडे बघत ऐकत होती. कारखान्याचा भोंगा अजून ऐकू येतो, ते म्हणाले. वाजला की मी उठून बसतो. पाय खाली सोडतो. मग चप्पल कशासाठी घालायची ते कळत नाही. एवढं बोलून त्यांनी रुमालानं नाक पुसलं आणि रुमालाची घडी घालत बसले.

सरोजनं डॉक्टरांना तीनदा फोन लावला. लागला नाही. तेव्हा ती स्वतः दोघांना कॅज्युअल्टीत घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरनं तिचं सगळं ऐकून घेतलं, ॲडमिट होता का म्हणून विचारलं. भालचंद्र नको म्हणाले. त्यानं गोळ्या लिहिल्या आणि कागदावर दोन तारीख घातली.

"गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, ताई," बाहेर आल्यावर सरोज म्हणाली. "त्यांना एकटं सोडू नका. मुलाला आज खरं सांगा. आणि त्यांनी मघाशी जे सांगितलं, ते घरातून काढून टाका. आजच." चिठ्ठीच्या मागे तिनं हेल्पलाइनचा नंबर लिहिला, खाली स्वतःचा. मग भालचंद्रांकडे वळली. "आणि भाऊ, दोन तारखेपर्यंत रोज अकराला इथं यायचं."

"डॉक्टर तर नाहीत."

"मी आहे."

"येऊन करायचं काय?"

"बसायचं. डबा आणा वाटल्यास. मीही एकटीच जेवते."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

बाहेर ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं. वसुधा रिक्षा बघत होती, तोवर त्यांनी स्टँडवरून स्कूटर काढली होती. ती मागे बसली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण टाउनशिपच्या रस्त्यावर ती नेहमी सीटमागचा दांडा धरूनच बसायची. सगळे ओळखीचे. आज तिनं हात पुढे घेतला आणि त्यांच्या पोटावरचा स्वेटर मुठीत धरला.

मार्केटपाशी कुणीतरी हात केला. तिनं पाहिलं नाही.

"किती घट्ट धरलंयस," ते मान किंचित वळवून म्हणाले. "हळूच चालवतोय. पडणार नाहीस."

"माहीत आहे," वसुधा म्हणाली, आणि मूठ सोडली नाही.