तत्पर श्रद्धांजली

बॉयलरच्या स्फोटानंतर अर्ध्याच तासात कंपनीने आपल्या फेसबुक पानावर कामगार दत्तात्रेय यांचे हार घातलेले छायाचित्र प्रसिद्ध केले होते. सायंकाळी तोच दत्तात्रेय जनसंपर्क अधिकारी प्रज्योत यांच्या मेजासमोर येऊन उभा राहिला.

"पाळी बदलली व्हती साहेब. माझ्या जागी शेजारचा धर्माजी आला. तोच गेला. मी न्हाय."

प्रज्योत यांच्या मुद्रेवर आनंद नव्हे, संताप उमटला. "पाळ्या तुम्ही परस्पर बदलायच्या आणि तोंडघशी कंपनीने पडायचे! हजारो लोकांनी त्या फोटोखाली हात जोडले आहेत. आता पोस्ट काढली तर जगभर आमचे हसे होईल. दोन दिवस माणगावच्या बाजारात दिसू नका."

"जगाच्या आधी घरी कळवायचं असतं, साहेब."

"तो काळ गेला. आम्ही तासभर गप्प राहिलो तर लोक आम्हाला फाडून खातात. तुमच्या बायकोला तेवढे गुपचूप जाऊन सांगा. नाचेल ती!"

"गेलो व्हतो," दत्तात्रेय दात आवळून म्हणाला. "कुंपणापासून मागं फिरलो. धर्माजीची काशी माझ्या घरात बसली हाय. दुखवट्याचा पिठलं-भात घेऊन आली हाय, माझ्या बायकोला घास भरवती हाय. पाळी बदलल्याचं दोघींनाबी ठावं न्हाय. मी जिता दिसलो, का तिचा नवरा गेल्याचं तिला कळंल. ते तिला माझ्या तोंडाकडं बघून कळाया नगं. उठा. तुम्ही सांगा तिला."