लिंबाखालची झोप

भुजंगने धावड्याहून लिहिलं होतं, "झोप लागत न्हाई म्हणतोस, मंग शेतावर ये. लिंबाखाली डोकं बिलकुल हलकं होतं." आपली त्याला अडचणच होईल, असं वाटून मी उत्तर दिलं नाही.

परवा न कळवताच गेलो. त्याच्या बायकोने, तुळजावहिनींनी, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आधी पडा जरा, भावजी, मंग बोलू," म्हणत लिंबाखालच्या नव्या ओट्याशेजारी बाज टाकली. कित्येक वर्षांनी मी गाढ झोपलो.

उठल्यावर विचारलं, "भुजंग कुठंय?"

"त्यांच्या शेजारीच झोपल्ते की तुम्ही. इथंच अग्नी दिला, वर हा ओटा बांधला. शेवटपर्यंत पोस्टमनला तुमचं पत्र विचारून राह्यल्ते."



जालन्याला परतून मी भुजंगच्या नावाने कार्ड टाकलं: 'झोप छान लागली. बाज काढू नकोस.'