कुणाच्या शब्दावर

बाळंतपणाच्या रजेनंतर आज कामाचा पहिला दिवस. सात महिन्यांची लेक नव्या मावशींकडे राहिली, तरच माझी नोकरी टिकणार होती. मावशी दारात आल्या तेव्हा मी लेकीला कडेवर घेऊन फोनवर साहेबांना समजावत होते, "आता डेटाबेस सर्व्हर स्वतःजवळ कुणाचेच पासवर्ड ठेवणार नाही."

"मग समोरचा माणूस खरा की खोटा, हे त्याला कळणार कसं?"

"कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुख्य यादीला विचारेल. पासवर्ड तीच तपासेल. ती हो म्हणाली की घेईल आत."

"एवढ्यावरच? भोळाच म्हणायचा तुमचा सर्व्हर!"

मावशींनी हात पुढे केले. लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्या चेहऱ्याकडे. मीही त्यांना पुरतं ओळखत नव्हते, तरी हसले. ती त्यांच्याकडे झेपावली.

"आहेच हो भोळा," मी साहेबांना म्हणाले. "म्हणून तर यादी चुकून चालत नाही."