सैल झालेला आरसा

साठच्या पुढे वेग गेला की गाडीचा डावा आरसा थरथरायचा. निकिताने तो हलवून पाहिला. काच घट्ट होती, सांधा सैल होता. मेकॅनिक म्हणाला, "ताई, सारखा दुमडून स्प्रिंग गेलीय. अरुंद गल्लीत लावता का गाडी?" घरासमोरचा रस्ता ऐसपैस, नवऱ्याच्या सातपूरच्या कंपनीचं पार्किंग मैदानाएवढं. मग गोरक्ष कुणाच्या गल्लीत शिरतो? तिच्या मनात पाल चुकचुकली. संध्याकाळी तो बूट काढत असतानाच तिने विचारलं, "कोण आहे ती?" गोरक्षने एक बूट हातात धरून तिच्याकडे पाहिलं. "ती नाही, ते. तुझे बाबा. पंचवटीतून डायलिसिसला नेतो त्यांना." जातीबाहेर लग्न केल्यापासून बाबांनी दोघांना दारात उभं केलं नव्हतं. "मला का नाही सांगितलंस?" "त्यांचीच अट." "बोलतात तुझ्याशी?" "नाही. पण मागच्या सीटवर बसायचे, ते काल पुढे बसले."