साडेचारशे ओळींचा माणूस

सकाळी साडेनऊला स्टुटगार्टच्या ऑफिसात प्रोग्रॅम बंद पडला, आणि चारुदत्तने समाधानाने कॉफीत साखर घातली.

सात वर्षं गाडीचा नवा सुटा भाग आला, की साहेब, म्हणजे हेर वेंडल, त्याच्याच टेबलाशी येत. प्रोग्रॅममध्ये चारुदत्तने लिहिलेली साडेचारशे ओळींची जंत्री होती: भाग ब्रेकचा असेल तर हा क्लास, म्हणजे कोडचा हा तुकडा, वापरा; क्लचचा असेल तर तो. नव्या भागासाठी एक ओळ वाढवायची, आणि ती कुठे घालायची हे फक्त त्यालाच ठाऊक. लग्नाच्या मांडवातसुद्धा त्याला ऑफिसचा फोन आला होता. हे तो तक्रारीच्या सुरात, पण झाडून सगळ्यांना सांगत असे.

गेल्या महिन्यात पुण्याहून मयुरेश आला. त्याने जंत्री काढून सहा ओळी लिहिल्या. आता प्रोग्रॅम चालता चालताच भागाचं नाव वाचायचा आणि त्या नावाचा क्लास आपला आपण हुडकायचा. याला रिफ्लेक्शन म्हणतात, असं मयुरेशने वेंडलना नम्रपणे सांगितलं. चारुदत्तला तो नम्रपणा विशेष झोंबला. नवे भाग येत राहिले. टेबलाशी कोणी आलं नाही.

म्हणून काल संध्याकाळी त्याने क्लचचा क्लास उचलून शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवला. पुसून टाकला नाही. तो काही वाईट माणूस नव्हता.

आता वेंडल मयुरेशच्या खुर्चीमागे उभे होते. चारुदत्तही कप घेऊन तिथे गेला आणि नावावरून शोधाशोध करण्यात हा धोका असतोच, असं हवेला उद्देशून म्हणाला.

मयुरेशने त्या क्लासची हिस्टरी उघडली. शेवटचा बदल काल, पाच वाजून पन्नास मिनिटांनी. पुढे नाव. वेंडल चष्मा पुसत होते. मयुरेशने नाव वाचलं आणि ते पान बंद केलं.

मग त्याने वेंडलना जर्मनमध्ये सांगितलं, की हे आपल्या आवाक्यातलं नाही, चारुदत्तनाच बघावं लागेल. उठून त्याने खुर्ची पुढे केली.

"बसा ना, सर," तो मराठीत म्हणाला. "कुठे ठेवलंय, ते तुम्हालाच माहीत."

काम दोन सेकंदांचं होतं. चारुदत्तने चाळीस मिनिटं लावली. तेवढा वेळ मयुरेश मागे उभा राहून, शिकत असल्यासारखा, मान डोलावत होता.