लोणच्याची बरणी

रंजनाने पदराची गाठ सोडली आणि वीस वर्षं जपलेला काचेचा तुकडा यंत्रात ठेवला. कचरा वेचताना हाच हातात घुसून तिची आई, कौसाबाई, धनुर्वाताने गेली होती.

टाकणाऱ्याचे ठसे वाचून नाव सांगणारं हे यंत्र कचरा डेपोवर यावं म्हणून कचरावेचकांसाठी झटणाऱ्या हेमलताताईंनी उभा जन्म घालवला होता. "फुटकी काच कागदात गुंडाळून वेगळी द्या हो," असं दारोदार घसा फोडून सांगितलं होतं. आज उद्घाटनाचा मान त्यांनी रंजनालाच दिला होता.

पडद्यावर हेमलताताईंचं नाव उमटलं.

"यंत्र नवीन आहे, ताई. चुकलं असेल." रंजनाने ते बंद करायला हात पुढे केला.

मोर्चाला निघायच्या घाईत फुटलेली आणि तशीच कचऱ्यात टाकलेली लोणच्याची बरणी ताईंना आठवली. त्यांनी रंजनाचा हात धरला.

"राहू दे, पोरी. बरोबर सांगतंय ते."