कोंबड्यांचं औषध

मोरीच्या जाळीवर ते वळवळत होतं. अप्पांना आधी वाटलं, सुतळीचा तुकडा असेल. त्यांनी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, तर सुतळीने अंग आवळून घेतलं. पांढुरकं, गुलाबी झाक असलेलं, वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळतं.

अंगाला साबण तसाच आणि कमरेला टॉवेल, अशा अवतारात अप्पा बाहेर आले.

"सूनबाई, ये! बघ तुझ्या लाडक्यांचे प्रताप!"

सून हात पुसत आली. खुराड्यातले पत्रे ती याच मोरीत धुवायची. खाली वाकून ती बराच वेळ बघत राहिली.

"जंत आहे," ती म्हणाली.

"ते मलाही दिसतंय. कोंबड्यांचाच ना?"

तिने कागदाचा तुकडा घेतला. "बघते मी काय ते," म्हणाली, आणि कागदाने उचलून तिने तो बाटलीत घातला. अप्पांनी तोंड फिरवलं.

हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. फळीमागचं झुरळ त्यांना दारातूनच दिसायचं. ऑफिसात त्यांना फिनेलसाहेब म्हणत, आणि ते त्यांना मनातून आवडायचं. अशा माणसाच्या परसात सहा कोंबड्या! जिथे तिथे घाण, पिसं, तो आंबूस वास. मुलाच्या शब्दाखातर त्यांनी आजवर नाक मुठीत धरून सोसलं होतं. त्या दिवशी जेवायला नूडल्स होते. अप्पांनी ताटलीत एकदा पाहिलं आणि तोंडावर हात धरून ते उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच चौकशी केली. कोणी सांगितलं, पाण्यात लसूण ठेचून ठेवा. कोणी म्हणालं, दुकानात पूड मिळते, ती दाण्यात मिसळा. त्यांनी पूड आणून ओट्यावर आपटली.

सून तोवर बाटली घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. "लसणाने जंत मरत नाहीत, अप्पा," ती म्हणाली. "आणि अशी अंदाजपंचे पूडही नको. जंत कुठला ते आधी बघायचं, मग त्याचं औषध, वजनाप्रमाणे. काही दिवसांनी पुन्हा एकदा."

"आणि मुकाट्याने घेतील होय?"

"गोड आहे. कळणारसुद्धा नाही."

मुलगा वर्तमानपत्रात डोकं घालून बसला होता. 

आठवडाही झाला नसेल, मोरीत पुन्हा दोन दिसले. या वेळी वळवळ नव्हती. उकडलेल्यासारखे मऊ, जाळीच्या भोकांत अर्धे अडकलेले. अप्पांना भडभडून उलटी झाली.

"औषध चालू आहे म्हणतेस ना?"

"चालू आहे म्हणूनच पडताहेत. लागू पडलं की आधी असंच होतं."

तिने हातात पिशवी चढवली, दोन्ही काढले, मोरी उकळत्या पाण्याने धुतली, वर अप्पांची उलटीही काढली. ते दारात उभं राहून बघत होते. त्या हातांनी ही बाई पोळ्या लाटते, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना.

त्या दिवसापासून अप्पांनी तिच्या हातचं बंद केलं. मुलगा बाहेरून डबा आणायचा. झोपताना दूध प्यायची सवय मात्र सुटत नव्हती. तेही मुलानेच आणून दिलं तर घ्यायचे. सून पाण्याचा पेला घेऊन आली की ते पाय आखडून घ्यायचे.

"मी आयुष्यभर घाण बंद करत फिरलो," एकदा ते तिच्यादेखत मुलाला म्हणाले, "आणि तू घाणेरडी बाई घरात आणून ठेवलीस."

मुलगा ताडकन उठला. सुनेने त्याचा हात दाबला. तो खाली बसला. त्या शांततेचा अप्पांना अर्थ एकच लागला: बाईला आपली चूक कळली आहे.

मग त्यांनी उशीर केला नाही. दोघं कामावर गेल्यावर त्यांनी कोंबडीवाल्याला बोलावलं. सहाही कोंबड्या त्याने पाय बांधून, डोकी खाली करून स्कूटरला लटकवल्या. तपकिरी कोंबडी सगळ्यांत जास्त ओरडली. अप्पांनी खुराड्यात फिनेलची अख्खी बाटली ओतली आणि कित्येक दिवसांनी छातीभर श्वास घेतला.

आता मुलगा चिडला तर तोंडावर टाकायला डॉक्टरांचा शब्द हवा होता. ते थेट दवाखान्यात गेले. टेबलावर मांजराचे केस चिकटलेले होते, कोपऱ्यात ओला कापूस पडला होता. अप्पा कुठे टेकले नाहीत. त्या सुनेचा सासरा म्हणवून घ्यायची त्यांना लाज वाटली.

"त्या बाटलीत जंत घेऊन आलेल्या कोंबड्यांच्या बाई, त्यांच्या शेजारी राहतो मी. तुमच्या औषधाने काही फरक नाही हो. आम्हा शेजाऱ्यांनाही धोकाच की."

डॉक्टर हात धूत होते. ते हसले.

"त्यांच्या कोंबड्यांना मी औषध दिलेलंच नाही. विष्ठा तपासली, काही नव्हतं. इतक्या निरोगी कोंबड्या माझ्याकडे क्वचित येतात."

"मग तो जंत?"

"तो कोंबडीचा नव्हताच. माणसाच्या पोटातला. मी त्यांना माणसांच्या डॉक्टरकडे पाठवलं."

अप्पा दोन पावलं मागे सरले. म्हणजे तिच्याच पोटातले! आणि त्या हातचं आपण इतकी वर्षं जेवलो!

"शी!" ते म्हणाले. "आणि नाव कोंबड्यांचं!"

"अहो, त्यांचा कुठला? त्या, नवरा, दोघंही तपासणीत स्वच्छ निघाले. सासरे आहेत ना त्यांचे, त्यांचा तो," डॉक्टर टॉवेल शोधत म्हणाले. "त्या म्हणाल्या, त्यांना कळलं तर स्वतःचीच किळस येऊन अन्नपाणी सोडतील. त्यापेक्षा कोंबड्यांवर खपू दे."